घराखाली पडणारं दव

गेल्या जुलैत एका मित्राचा फोन आला. "अरे, माझ्या घराखाली पाऊस पडतोय." तो इथे नॉर्थ कॅरोलायनात, रॅलेच्या जवळ राहतो. जुनं घर नुकतंच घेतलेलं. बाहेर आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता, आणि घराखालच्या तुळयांना लोंबणारं फायबरग्लास (उष्णता अडवायला लावलेलं काचतंतूंचं अस्तर) मात्र पिळून काढावं इतकं ओलं.

घराखाली म्हणजे क्रॉल स्पेसमध्ये. आपल्याकडे जोतं मुरूम-दगड घालून भरून काढतात. अमेरिकेच्या या भागात बरीच घरं पोकळ जोत्यावर उभी असतात. बाहेरून विटांची किंवा ब्लॉकची भिंत, आत उघडी माती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर घराची जमीन. मधली उंची जेमतेम रांगण्यापुरती. या भिंतीला ठरावीक अंतरावर जाळीचे झरोके असतात, ओल निघून जावी म्हणून. मित्राने सगळे झरोके उघडले, शिवाय एक पंखाही बसवला. त्याची आई भारतातून आली होती, काकूंचंही मत तेच, "हवा खेळू दे रे, आपोआप सुकेल." पंधरा दिवसांत तुळयांवर बुरशीची पांढरी लव आली.

काकूंचं चुकलं असं कसं म्हणू? पुण्याच्या हिवाळ्यात हा उपाय अचूक आहे. पण हवा वाळवते की भिजवते, हे ती कुठून कुठे जाते यावर ठरतं. माझी नोकरी वातानुकूलनाच्या क्षेत्रातली, त्यामुळे इथे थोडं रेंगाळणार आहे.

इथल्या जुलैतली एक साधी दुपार घ्या. तापमान 32 अंश, सापेक्ष आर्द्रता 60 टक्के, म्हणजे त्या तापमानाला जितकी वाफ हवेत मावू शकते तिच्या 60 टक्के. अशा एक घनमीटर हवेत सुमारे 20 ग्रॅम पाण्याची वाफ असते. ही हवा थंड करत नेली तर साधारण 23 अंशांना ती संपृक्त होते, म्हणजे तिच्यात आणखी वाफ मावत नाही. हाच तिचा दवबिंदू. आता घराखालची माती बघा. थोडं खोल गेलं की जमिनीचं तापमान वर्षाच्या सरासरीजवळ रेंगाळतं, रॅलेत ती 16 अंशांच्या आसपास आहे. वरच्या घरात एसी चालू, त्याची गार हवा नेणारे डक्ट याच पोकळीतून गेलेले. त्यामुळे भर उन्हाळ्यातही तळाशी 21 अंश सहज असतात, आणि 21 अंशांच्या हवेत जास्तीत जास्त 18 ग्रॅम वाफ मावते. झरोक्यातून आत आलेला प्रत्येक घनमीटर आपल्याजवळचे दोन ग्रॅम पाणी डक्टवर, पाइपांवर, तुळयांवर ठेवून पुढे जातो. पोकळी 100 घनमीटरची असेल आणि तासाला एकदा सगळी हवा बदलत असेल, तर हिशोबाने दिवसाला जवळजवळ पाच लिटर. प्रत्यक्षात सगळी हवा इतकी गार होत नाही, म्हणून आकडा कमी धरा. पण पंखा लावला की हवा जास्त बदलते, हेही धरा.

"मग रात्री उघडतो, रात्री गार असतं," मित्र म्हणाला. रात्री तापमान उतरतं, दवबिंदू फारसा उतरत नाही. हवेतलं पाणी तेवढंच असतं.

मे संपता संपता कोकणात फरशीला पाणी सुटतं ते याच हिशोबाने. समुद्रावरून दमट वारं येतं आणि फरशी अजून गार असते. देवळातल्या दगडी किंवा धातूच्या मूर्तीला 'घाम' फुटतो, गर्दी लोटते, कुठल्यातरी संकटाची चाहूल सांगितली जाते. गाभारा गार, बाहेरची हवा दमट, एवढंच घडलेलं असतं. शेजारी गार पाण्याचा तांब्या ठेवून पाहावा, त्यालाही घाम येईल.

लाकडाचा मामला तर याहून नाजूक आहे, त्याला थेंब पडायचीही गरज नसते. लाकडाच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजचे हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते हवेतले पाण्याचे रेणू धरून ठेवतात. किती धरायचे हे हवेत एकूण वाफ किती यापेक्षा सापेक्ष आर्द्रतेवर जास्त ठरतं. 60 टक्क्यांना लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण 11 टक्के पाणी धरतं, 80 ला 16, 90 ला 20 च्या आसपास. हा आलेख शेवटाकडे उभा चढतो. तीच हवा गार झाली की तिची सापेक्ष आर्द्रता वाढते, आणि तुळई मुकाट्याने पाणी पिऊ लागते. 20 टक्क्यांच्या खाली ठेवावं, हा सुतारांचा आणि घर तपासणाऱ्यांचा ठोकताळा. 28-30 टक्क्यांना भित्तिका तुडुंब भरतात आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. ओल मोजायच्या मीटरवर मित्राच्या तुळया 22 दाखवत होत्या.

मग झरोक्यांचा नियम आला कुठून? दर 150 चौरस फुटांच्या जमिनीला एक चौरस फूट झरोका, हे प्रमाण 1940च्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहनिर्माण निकषांत आलं. इलिनॉय विद्यापीठातले विल्यम रोझ यांनी पुढे त्याचा माग काढला, तेव्हा आकड्याच्या मागे भक्कम मोजमाप सापडलं नाही. नियम मात्र पिढ्यान्‌पिढ्या छापला गेला.

मोजमाप इथेच, प्रिन्सव्हिल गावात झालं. मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेलं हे गाव 1999 साली फ्लॉइड चक्रीवादळाच्या पुरात बुडालं होतं. तिथल्या 12 एकसारख्या घरांवर रॅलेच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड एनर्जी' या संस्थेने अभ्यास केला. काही घरांचे झरोके उघडे, बाकीच्यांचे बंद. उघड्या पोकळ्यांत उन्हाळ्यात बराच काळ 80 टक्क्यांच्या वर आर्द्रता, बंद पोकळ्या बऱ्याच कोरड्या, शिवाय गरम-गार करण्याच्या खर्चात सुमारे 15 टक्के किंवा अधिक बचत.

पण झरोके बंद करणं ही शेवटची पायरी. आधी द्रवरूप पाणी. 100 चौरस मीटर छपरावर 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे 2500 लिटर, आणि इथली लाल चिकणमाती ते मुरू देत नाही. पन्हळ साफ, तिचा पाइप भिंतीपासून लांब, आणि मातीचा उतार घराकडून बाहेर, पहिल्या दहा फुटांत सहा इंच. मित्राच्या पन्हळीचा पाइप थेट भिंतीच्या पायाशी सुटत होता. हे फावड्याचं काम, यात महागडं काही नाही. 'एन्कॅप्स्युलेशन', म्हणजे सगळी पोकळी प्लास्टिकने बंदिस्त करण्याचं काम, विकायला आलेला माणूस मात्र पाइपाकडे बघतही नव्हता, त्याच्या तोंडी फक्त विषारी बुरशी आणि दहा हजार डॉलर.

त्यानंतर मातीवर जाड पॉलिथिन, निदान 0.15 मिलिमीटर, सांधे एकमेकांवर चढवून. कोरडी दिसणारी मातीही वाफ सोडत असते. भिंतीवर ते वरपर्यंत न्यायचं, पण वाळवी दिसावी म्हणून माथ्याशी तीन इंचांची पट्टी उघडी ठेवायची. मग झरोके बंद, आणि हवेतली ओल काढणारं एक यंत्र, डीह्युमिडिफायर. खाली घर गरम करणारी गॅसची भट्टी असेल आणि ती तिथलीच हवा घेत असेल, तर आधी तिची सोय बघायची, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड घरात यायचा.

पूररेषेतल्या घराला मात्र पुराचं पाणी आत-बाहेर करणारी भोकं ठेवावीच लागतात, जमिनीच्या दर चौरस फुटाला एक चौरस इंच. ती बुजवली तर बाहेरच्या पाण्याचा दाब भिंतच आत ढकलतो. मित्राचं घर उंचावर आहे, त्याला ती अडचण नव्हती. ऑक्टोबरात मी रांगत गेलो तेव्हा मीटर 15 दाखवत होता. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अरे, पण आता हवा कोरडी झालीय की! आता तरी उघड ते झरोके."

ऑक्टोबरातल्या त्या हवेपुरतं तरी त्यांचं बरोबर होतं.