खान्देशातील दुग्धाहार

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या रोजच्या जेवणातील दूध, दही, ताक, तूप आणि त्यांचे प्रकृतीवरील बरेवाईट परिणाम. खान्देशचे नाव तेल-मिरचीसाठी झाले आहे. कळण्याची भाकरी, शेवभाजी, भरीत यांत दुधाचा थेंब नसतो. तापी खिलार हा इथला गोवंशही मुळात औताचा. घरी म्हैस किंवा संकरित गाय असेल, तर सकाळचे बरेचसे दूध डेअरीवर जाते आणि ‘आज फॅट किती लागली’ यावर त्याचे मोल ठरते.

गायीच्या दुधात फॅट, म्हणजे स्निग्धांश, साधारण ३.५ ते ४ टक्के, तर म्हशीच्या दुधात ६ ते ८ टक्के असतो. गायीच्या १०० मिलि. दुधातून सुमारे ३ ग्रॅम प्रथिने व १२० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दोन पेले दुधाने त्यातला जवळजवळ अर्धा वाटा भरतो. माळकरी व महानुभाव घरांत अंडी-मांस वर्ज्य असते. तिथे ब-१२ जीवनसत्त्वाचा दूध-दही हाच काय तो नैसर्गिक आधार. कॅल्शियमचे तसे नाही : डोंगरपट्ट्यातील नागलीत (नाचणीत) ते १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून अधिक असते. त्यामुळे दूध नाही म्हणून हाडे ठिसूळच होणार, हा समज सरसकट खरा नाही.

दुधातील साखर, म्हणजे दुग्धशर्करा, पचण्यासाठी आतड्यात लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) लागते. मोठेपणी ते टिकून राहण्याचे प्रमाण भारतात वायव्येकडे अधिक असून दक्षिणेकडे व पूर्वेकडे घटत जाते. ते कमी असल्यास पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. हा आजार नव्हे. अशा पुष्कळांना एका वेळी पेलाभर दूध चालते. दही-ताक त्याहून सोसते, कारण विरजणातील जिवाणू दुग्धशर्करेचा काही भाग आधीच फस्त करतात. फुनके (डाळीचे वाफवलेले मुटके) आणि कढी हा बेत म्हणूनच पोटाला जड जात नाही (फुनक्यांच्या डाळीचा दोष कढीच्या माथी मारू नये). वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा मीठ घातलेले पातळ ताक घामावाटे गेलेले पाणी व क्षार भरून काढते. रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाचा हात आखडावा.

तुपाचा हिशेब वेगळा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) उलट्या खापरावर भाजलेला पुरणाचा मांडा ताटात कुस्करतात, त्यावर गरम दूध आणि वितळलेल्या तुपाची धार. ताटात दोन मोठे चमचे तूप व म्हशीचे पेलाभर दूध धरले, तरी संपृक्त स्निग्धाम्ले (सॅच्युरेटेड फॅट) २५ ग्रॅमच्या घरात जातात. २००० कॅलरींच्या आहारात दिवसभराची मर्यादा सुमारे २२ ग्रॅम आहे. सणाच्या ताटाला कोणी तराजू लावू नये; पण वरण-खिचडीवर रोज तीच धार धरली, तर वाईट कोलेस्टेरॉल वाढण्याची धास्ती खरी. तुपात दुग्धशर्करा जवळपास नसते, एवढे त्याच्या बाजूने.

एक वर्षाच्या आतील बाळाला वरचे दूध पाजल्याने लोह कमी पडून रक्तक्षय होऊ शकतो. जेवणाला लागून चहा घेण्याची सवय मोठ्यांनाही बाधते; चहातील टॅनिन बाजरीतले लोह अंगी लागू देत नाही. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी मात्र लॅक्टेजच्या कमतरतेहून निराळी, तीत दही-ताकही वर्ज्य.

धारोष्ण दुधाचे कौतुक खेड्यांत अजून आहे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस (गुरांकडून येणारा ताप) व गुरांचा क्षय माणसाला होतो. नीट उकळल्यास ही भीती जाते. उकळूनही न जाणारा दोष मात्र गोठ्यातून येतो. कापसाच्या या मुलखात दुभत्या जनावरापुढे सरकीची ढेप हमखास असते, ढेपेने फॅट चढते असा अनुभव. पावसाळ्यात पोते भिंतीला टेकून ओल धरते. हात घातला की ढेप आतून कोमट लागते, गोळे निघतात, कुबट वास येतो. या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन जनावराच्या पोटात रूप बदलून दुधात उतरते व दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताला घातक ठरते. दुधात त्याची कायदेशीर कमाल मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही आणि फॅट मोजण्याच्या यंत्रातही सापडत नाही. पोते फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवणे आणि बुरसलेली ढेप उकिरड्यावर टाकणे, एवढाच घरचा उपाय. पण विकत घेतलेली ढेप टाकून द्यायला शेतकऱ्याचा हात धजत नाही.