प्रेमाची मोजपट्टी आणि जयपूरची जोडपी

‘लग्न झालं की प्रेम आपोआप जडतं,’ असं स्थळ सुचवणारी मावशी सांगते. हल्ली तिच्या मदतीला एक संशोधनही येतं: उषा गुप्ता आणि पुष्पा सिंह यांनी जयपूरमध्ये केलेलं, 1982 साली प्रसिद्ध झालेलं. प्रेमविवाहात प्रेम वर्षागणिक ओसरतं आणि ठरवून केलेल्या लग्नात ते वाढत जातं, असं त्यातून दिसलं होतं.

हे प्रेम मोजलं कसं? मोजपट्टी अमेरिकेतली होती. झिक रुबिन या मानसशास्त्रज्ञाने 1970 मध्ये प्रेम आणि आवड यांच्या दोन वेगळ्या प्रश्नावल्या मांडल्या. ‘हिला मी मनातलं जवळपास सगळं सांगू शकतो’ हे विधान प्रेमाच्या यादीत. ‘जबाबदारीच्या कामासाठी मी हिचं नाव नक्की सुचवेन’ हे आवडीच्या. प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडतं, ते आकड्यात सांगायचं. प्रेमाचे गुण जास्त असलेली जोडपी प्रयोगशाळेत एकमेकांच्या डोळ्यांत जास्त वेळ पाहत होती. म्हणजे पट्टी अगदीच कागदी नव्हती.

अडचण पुढे आहे. जयपूरची जोडपी होती फक्त 50, आणि वर्षभरापूर्वी लग्न झालेली जोडपी वेगळी, दहा वर्षं संसार केलेली वेगळी. एकाच जोडप्याचं प्रेम वाढताना किंवा आटताना कुणी पाहिलंच नाही. शिवाय त्या काळात घरच्यांचा विरोध पत्करून लग्न करणाऱ्यांच्या वाट्याला काय काय आलं असेल, हेही विसरू नये. एवढ्या आधारावर कुणाच्या मुलीला ‘आमचं ऐक’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

2012 मध्ये पामेला रीगन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत राहणाऱ्या 58 विवाहित भारतीयांना विचारलं. 28 जणांचं लग्न ठरवून झालेलं, 30 जणांचं प्रेमातून. प्रेम, समाधान, बांधिलकी, कशातच दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

तीच जोडपी वर्षानुवर्षं पाहण्याचं चिकाटीचं काम टेड ह्यूस्टन यांनी पेनसिल्व्हेनियात केलं. 1981 मध्ये लग्न झालेली 168 जोडपी, तेराहून अधिक वर्षं. लग्न कसं जमलं यापेक्षा पहिल्या दोन वर्षांत काय घडतं, यावर त्यांचं लक्ष होतं. पुढे ज्यांचे घटस्फोट झाले, त्यांच्यापैकी अनेकांची सुरुवात भरपूर मायेची होती. ती माया त्या दोन वर्षांतच झपाट्याने ओसरली होती.