पार्श्वभूमी : सॅम्पलर, पण कोणत्या काळातला?

सॅम्पलर म्हणजे टाके, नक्षी, अक्षरं भरलेलं नमुन्याचं कापड. जुन्या अमेरिकी भरतकामाच्या चौकटीखाली ‘वसाहतकालीन सॅम्पलर’ अशी पाटी दिसली, की आधी कापडावर भरलेलं साल शोधावं. बऱ्याचदा ते १७७६ च्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या, पुढचं निघतं.

अमेरिकेत भरलेला सगळ्यात जुना म्हणून ओळखला जाणारा सॅम्पलर १६५३ च्या आसपासचा. प्लिमथ वसाहतीतल्या एका कॅप्टनच्या मुलीनं तो भरला आणि आजही तो प्लिमथमध्येच आहे. लांबुळका, अरुंद, आडव्या पट्ट्यांनी भरलेला. ही चाल इंग्लंडची. आवडलेली वेल, नवा टाका कापडावर उतरवून ठेवायचा, गुंडाळी करून पेटीत टाकायची आणि लागेल तेव्हा उलगडायची. आपल्याकडच्या शिवणाच्या तासाच्या टाक्यांच्या वहीसारखंच. ‘नमुना’ हा मराठी शब्द इथवर चपखल बसतो.

अठराव्या शतकात मात्र तो अपुरा पडतो. पट्टी आखूड होऊन रुंद झाली, भोवती वेलबुट्टीची किनार आली, मधे मुळाक्षरं, आकडे, देवाधर्माच्या चार ओळी, एखादं घर. बॉस्टनच्या कितीतरी मुलींनी ॲडम, ईव्ह आणि झाडाला विळखा घातलेला साप भरला. खाली नाव, वय, साल. पेटीत ठेवायची वस्तू दिवाणखान्याच्या भिंतीवर आली. लेकीला काय काय येतं हे पाहुण्याला न विचारता कळावं म्हणून.

मुळाक्षरांना व्यवहाराचंही कारण होतं. घरातल्या चादरी, अभ्रे, टॉवेल ही मालमत्ताच. त्यांच्या कोपऱ्यात आद्याक्षरं आणि क्रमांक फुलीच्या टाक्यानं घालत. धोब्याची खूण म्हणा, फक्त घरच्या मुलीनं घातलेली. जुन्या कामांत बऱ्याचदा चोवीसच अक्षरं सापडतात. पोरगी चुकलेली नसते. त्या काळी ‘आय’ आणि ‘जे’ एकच अक्षर धरत, ‘यू’ आणि ‘व्ही’सुद्धा. दुसरीकडे, मॅसॅच्युसेट्सच्या १६४२ च्या कायद्यानं मुलांना वाचता येण्याची सक्ती केली, लिहिण्याची नाही. लेखणी पुरुषांच्या कारभाराची मानली जाई, त्यामुळे कितीतरी मुलींच्या हाती अक्षरं आधी सुईतून आली. बॉस्टनच्या सरकारी शाळांचं दार मुलींना १७८९ मध्ये उघडलं, तेही एप्रिल ते ऑक्टोबरपुरतं.

आता पाटीचा घोळ. स्वातंत्र्यानंतर मुलींच्या खासगी शाळा वाढल्या आणि सॅम्पलरचा खरा बहर तेव्हाचा, साधारण १७९० ते १८३० चा. चित्र बहुधा बाईंनी आखून द्यायचं, मुलींनी भरायचं. म्हणून कापड पाहून जाणकार शाळा ओळखतात. बाल्टिमोरला कृष्णवर्णीय मुलींसाठी १८२८ मध्ये सुरू झालेल्या शाळेतलं कामही टिकून आहे. यातलं काहीच वसाहतीच्या काळातलं नाही.

मग हा शब्द चिकटला कुठून? १८७६ मध्ये फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या शताब्दीचं प्रदर्शन भरलं आणि चरखा, चूल, आजीचं भरतकाम यांचं वेड लागलं. १९२१ मध्ये वसाहतकाळातल्या घराण्यांशी नातं सांगणाऱ्या महिलांच्या एका संस्थेनं सॅम्पलरांची जाडजूड सूची छापली. यादी १८३० पर्यंतची, शीर्षकात ‘अमेरिकी’ हाच शब्द. ‘कलोनियल’, म्हणजे वसाहतकालीन, होतं ते संस्थेच्या नावात. सूचीकर्त्यांनी काम चोख केलं होतं, पण बाजारानं उचलला तो संस्थेच्या नावातला शब्द. हा शैलीचा शब्द आहे, काळाचा नव्हे, असा बचाव आता केला जातो. विकणाऱ्याच्या तो सोयीचा आहे, एवढंच त्याबद्दल म्हणता येईल. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरांच्या वर गेलेला न्यू जर्सीचा सॅम्पलर १८०७ चा आहे, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ३१ वर्षांचा. चढ्या किमतीला वसाहतीचा टिळा लागतोच असं नाही.

काही कापडांवर तर सालाचे शेवटचे आकडे उसवलेले असतात. वय कळू नये म्हणून त्याच मुलीनं मोठेपणी ते उसवले, असं सांगतात. तिथं सुईची भोकं तेवढी उरतात, आणि पाटी लिहिणाऱ्याला रान मोकळं मिळतं.