नाताळची जपानी गाणी आणि कॅराओकेतली पन्नाशी

जपानमध्ये २५ डिसेंबरला सुटी नसते आणि ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शंभरात जेमतेम एक आहे. तरीही डिसेंबरच्या उत्तरार्धात पन्नाशीच्या आसपासची मंडळी कॅराओकेच्या खोलीत जमली, की नाताळची ठरावीक चार-पाच गाणी निघतातच, आणि ती बहुधा १९८० ते १९९२ या काळातलीच असतात. त्यांत येशूचा जन्म नाही, गोठा नाही, तारा नाही; आहे ती २४ डिसेंबरची प्रेमिकांची रात्र आणि पुष्कळदा त्या रात्री न आलेले माणूस. नेमक्या याच वर्षांतली गाणी का टिकली, याचे उत्तर चालींपेक्षा रेल्वे, दूरचित्रवाणी आणि कॅराओकेचे यंत्र यांच्या इतिहासात अधिक सापडते.

जपानला नाताळ नवा नाही. गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर १५४९ साली तिथे पोहोचले आणि त्यांच्या मागे राहिलेल्या सहकाऱ्यांनी १५५२ साली यामागुची येथे नाताळची प्रार्थना केली, असे ते शहर आजही अभिमानाने सांगते. पुढे ख्रिस्ती धर्मावर दीर्घकाळ बंदी आली. गंमत अशी, की तैशो सम्राटांचे निधन १९२६ साली २५ डिसेंबरलाच झाल्यामुळे १९२७ ते १९४७ या काळात तो दिवस राष्ट्रीय सुटीचा होता आणि शहरांतली कॅफे व नृत्यगृहे त्या सुटीत नाताळ साजरा करीत. युद्धानंतर घरोघरी केक आला, १९७४ पासून केंटकीच्या (केएफसी) जाहिरातीने तळलेले चिकन आणले. पण इथवर तो मुलाबाळांचा सण होता.

त्याला प्रेमिकांचा सण करण्यात गायिका युमी मात्सुतोया यांच्या ‘कोइबितो गा सांता क्लॉस’ या १९८० च्या गाण्याचा वाटा मोठा आहे. शेजारची नटलेली ताई लहान मुलीला सांगते, की तू मोठी झालीस की तुझ्याकडेही सांता येईल. तो सांता म्हणजे प्रियकर. १९८७ साली स्कीइंगवरच्या एका लोकप्रिय चित्रपटात हे गाणे वाजले आणि बर्फ, मोटार व प्रेम यांची सांगड तरुणांच्या डोक्यात पक्की बसली.

गायक तात्सुरो यामाशिता यांच्या ‘क्रिसमस ईव्ह’ची कथा अधिक वळणाची आहे. १९८३ साली हे गाणे आले तेव्हा विक्रीच्या यादीत ते ४४ व्या क्रमांकापलीकडे गेले नाही. पाऊस मध्यरात्री बर्फ होईल आणि तू काही येणार नाहीस, असा त्याचा आशय आहे. सणाच्या गाण्याला तो तसा गैरसोयीचाच. सरकारी रेल्वेचे १९८७ साली खासगीकरण होऊन जन्मलेल्या ‘जेआर तोकाई’ या कंपनीने ते १९८८ पासून आपल्या नाताळच्या जाहिरातींत घेतले आणि त्याचे नशीब पालटले. १९८९ च्या जाहिरातीत रिहो माकिसे ही तरुणी भेटवस्तू घेऊन नागोया स्थानकात गर्दीतून धावत येते, तिकीट-फाटकातून बाहेर पडणारा तो दिसताच पटकन खांबाआड लपते आणि श्वास सावरते. विशेष म्हणजे न येणाऱ्या माणसाचे गाणे येणाऱ्या माणसाच्या चित्रावर बसवले होते, आणि तरी कुणाला ते खटकले नाही.

त्या वर्षाचा योगही असा, की नव्या सम्राटांचा वाढदिवस म्हणून २३ डिसेंबरला पहिल्यांदाच सुटी मिळाली, २४ तारीख रविवारी आली आणि २९ डिसेंबरला शेअरबाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ या शिखरावर पोहोचला. हातात पैसा होता, उपाहारगृहे भरलेली होती आणि सहा वर्षांपूर्वीचे ते गाणे त्याच महिन्यात पहिल्या क्रमांकावर गेले. सलग तीस वर्षे पहिल्या शंभरांत आल्याबद्दल २०१६ साली गिनीजनेही त्याची नोंद घेतली.

आज त्या जाहिरातीकडे पाहताना जाणवते ती मोबाइलची अनुपस्थिती. वाट पाहणाऱ्याला उशिराचे कारण कळत नसे. स्थानकांवर खडूने निरोप लिहायचे फळे असत. या गाण्यांतली ताटकळ ज्यांनी स्वतः अनुभवली, ती पिढी आज पन्नाशीत किंवा साठीत आहे, म्हणून ही गाणी त्यांच्याच तोंडी शोभतात.

गाण्यांइतकेच महत्त्व गाण्याच्या जागेला आहे. दाइसुके इनोऊए यांनी १९७१ साली कोबे येथे नाणे टाकून चालणारे कॅराओकेचे यंत्र तयार केले आणि त्याचे पेटंट कधीच घेतले नाही. पहिली काही वर्षे ते मद्यालयांत, अनोळखी गिऱ्हाइकांसमोर वाजे आणि तिथे मुख्यतः प्रौढ पुरुष ‘एन्का’ ही जुन्या वळणाची गाणी म्हणत. १९८५ साली ओकायामा प्रांतात मालवाहू कंटेनरचे रूपांतर करून भाड्याने देण्याची गाण्याची खोली निघाली. दार लावून मित्रमैत्रिणींपुरते गाता येऊ लागल्यावर विद्यार्थी आणि तरुण स्त्रिया तिथे आल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांची पॉप गाणीही आली.

१९९० साली मिदोरी काराशिमा यांचे ‘सायलेंट ईव्ह’ आले, तेही नाताळावरच्या एका दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकगीत म्हणून. १९९२ साली जुनइची इनागाकी यांच्या ‘क्रिसमस कॅरल नो कोरो नि वा’ची दहा लाखांवर विक्री झाली. एव्हाना शेअरबाजार कोसळला होता. नाताळ येईपर्यंत एकमेकांपासून दूर राहून विचार करू, असे म्हणणारे हे गाणे त्या काळाच्या मनःस्थितीला धरून होते. त्याच वर्षी फोनच्या तारेवरून गाण्याचा साथसंगीताचा तपशील पाठवणारी यंत्रणा सुरू झाली. तोवर खोलीत जितक्या तबकड्या तितकीच गाणी असत. आता जुने गाणे काढून नव्याला जागा करून द्यायची गरज उरली नाही. माझ्या मते ही गाणी टिकण्यामागे रेल्वेच्या जाहिरातीइतकेच हे कारणही मोठे आहे, जरी त्याची आठवण फारशी काढली जात नाही.

गायला मात्र ती सोपी नाहीत. यामाशिता आणि इनागाकी दोघांच्याही पट्ट्या उंच आहेत, त्यामुळे वयानुसार उतरलेल्या गळ्यांना रिमोटवरचे स्वर खाली आणण्याचे बटण दोन-तीनदा दाबावे लागते. ‘क्रिसमस ईव्ह’च्या मध्यभागी तर यामाशितांनी पाखेलबेल या जुन्या युरोपीय संगीतकाराची रचना स्वतःच्याच आवाजाचे थर चढवून बांधली आहे, एकट्या गळ्याला ती पेलणे शक्य नसते, म्हणून पुढचे कडवे येईपर्यंत बाकीची मंडळी जमेल तशी साथ देतात.