यूपीएससी एकच, मालक वेगळे: अखिल भारतीय सेवा आणि केंद्रीय सेवा

यूपीएससीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी वेशीवर फ्लेक्स झळकतो: 'कलेक्टर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खरं तर निकालाच्या दिवशी कुणालाच सेवा मिळालेली नसते. आयोग फक्त गुणवत्ता यादी लावतो. सेवावाटप नंतर होतं, तेही आयोग नव्हे तर केंद्राचा कार्मिक व प्रशिक्षण विभाग, म्हणजे डीओपीटी, करतो. क्रमांक, प्रवर्ग, पसंतीक्रम, वैद्यकीय तपासणी आणि त्या वर्षीच्या जागा जुळल्या की कुणी आयएएस होतं, कुणी आयकरात जातं, तर कुणी टपाल खात्यात. आयकरात गेलेला कितीही हुशार निघाला तरी त्या सेवेतून कलेक्टर होत नाही. फ्लेक्स मात्र उतरत नाही.

या परीक्षेतून भरल्या जाणाऱ्या सेवांचे दोन गट आहेत आणि गोंधळ होतो तो तिथेच. अखिल भारतीय सेवा फक्त तीन: आयएएस, आयपीएस आणि भारतीय वन सेवा. बाकी परराष्ट्र सेवा, महसूल सेवा, लेखापरीक्षा व लेखा सेवा, टपाल सेवा वगैरे सगळ्या केंद्रीय सेवा. त्यातही एक गंमत आहे. परराष्ट्र सेवा आणि वन सेवा, दोन्हींचं लघुरूप आयएफएस. पण परदेशात देशाचं प्रतिनिधित्व करणारी सेवा केंद्रीय आहे आणि गडचिरोलीच्या जंगलात काम करणारी अखिल भारतीय. शिवाय वन सेवेची पूर्वपरीक्षा २०१३ पासून नागरी सेवांबरोबर होत असली, तरी मुख्य परीक्षा वेगळी असते.

सुरुवातीचा पगार पाहून फरक कळणार नाही. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे आयएएस असो की आयकरातला आयआरएस, मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासूनच सुरू होतं. दोघांची नियुक्ती राष्ट्रपतींच्या नावे होते. पायाभूत प्रशिक्षणही सारखंच. नंतर आयकरवाले नागपूरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत येतात. फरक आहे तो नेमतो कोण आणि राबवतो कोण, यात. केंद्रीय सेवेत दोन्ही एकच. अखिल भारतीय सेवेत नेमणारं केंद्र आणि राबवणारं राज्य.

पुण्याचे जिल्हाधिकारी आणि पुण्यातले आयकर उपायुक्त शेजारी शेजारी उभे करून बघा. जिल्हाधिकाऱ्यांचा पगार राज्याच्या तिजोरीतून निघतो आणि बदलीचा आदेश मंत्रालयातल्या सामान्य प्रशासन विभागातून. दिल्लीला वाटलं म्हणून त्यांना पुण्याहून नांदेडला धाडता येत नाही. आयकर उपायुक्तांचा पगार केंद्राचा आणि बदली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या हातात; त्यात मुख्यमंत्र्यांची सही कुठेच लागत नाही. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना 'केंद्राचा माणूस' म्हणणं अर्धंच खरं, आणि 'राज्याचा माणूस' म्हणणंही अर्धंच.

उरलेलं अर्ध दिसतं ते शिस्तभंगाची कारवाई सुरू झाल्यावर. मुख्यमंत्र्यांनी अमुक आयएएसला घरी बसवलं, अशा बातम्या येतात. राज्य सरकार निलंबित करू शकतं, चौकशी लावू शकतं, वेतनवाढ रोखण्यासारख्या शिक्षाही देऊ शकतं. पण बडतर्फी, सेवेतून काढून टाकणं आणि सक्तीची निवृत्ती या तीन शिक्षा अखिल भारतीय सेवा (शिस्त व अपील) नियम, १९६९ नुसार फक्त केंद्र सरकारच देऊ शकतं. आयकर अधिकाऱ्याला १९६५ चे केंद्रीय नागरी सेवा नियम लागू होतात आणि तिथे राज्याचा संबंधच नाही. दाद मात्र दोघंही केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे कॅटकडे मागतात. एमपीएससीतून आलेला उपजिल्हाधिकारी मॅटकडे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातो. बदली तिघांचीही होते, पण दारं वेगळी.

सगळ्यात महागात पडणारी चूक खटल्याच्या मंजुरीत होते. आयएएस अधिकाऱ्यावर भ्रष्टाचाराचा खटला भरायचा असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली मंजुरी लागते ती त्याला पदावरून दूर करू शकणाऱ्याची, म्हणजे केंद्राची. त्याच अधिकाऱ्याने राज्याचं काम करताना केलेल्या कृत्याबद्दल फौजदारी प्रक्रियेतलं जुनं कलम १९७ (आता नव्या संहितेचं २१८) लागू झालं, तर मंजुरी राज्याची. एकाच प्रकरणात दोन्ही कलमं आली की दोन सरकारांकडे फाइल जाते. चुकीच्या सरकारची सही घेतली तर बचावाचा वकील पहिला आक्षेप तोच घेतो.

ही दुहेरी रचना कुणी मुद्दाम गुंता करायला आणली नाही. १८५४ च्या मॅकॉले समितीनंतर १८५५ पासून आयसीएसची, म्हणजे ब्रिटिश काळातल्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसची, स्पर्धा परीक्षा लंडनमध्ये सुरू झाली. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे त्यात निवडले गेलेले पहिले भारतीय. भारतात परीक्षा द्यायची सोय व्हायला १९२२ उजाडलं. हे अधिकारी प्रांतांत काम करत, पण त्यांचा धनी लंडनमधला भारतमंत्री. प्रांतात निवडून आलेले मंत्री आले, तरी या अधिकाऱ्यांना काढणं त्यांच्या हातात नव्हतं. १९२४ च्या ली आयोगाने मंत्र्यांकडे सोपवलेल्या शिक्षण, शेती अशा खात्यांतल्या सेवा प्रांतांकडे द्यायला सांगितलं. आयसीएस आणि पोलीस मात्र लंडनकडेच राहिले. जकात, टपाल, हिशेब तपासणी ही कामं मुळातच मध्यवर्ती सरकारची, म्हणून तिथल्या सेवांना पहिल्यापासून एकच मालक.

ऑक्टोबर १९४६ मध्ये सरदार पटेलांनी प्रांतांच्या पंतप्रधानांची (आजच्या भाषेत मुख्यमंत्र्यांची) परिषद घेतली आणि आयसीएस व इंडियन पोलीस यांच्या जागी आयएएस व आयपीएस आणायचं ठरलं. लंडनच्या जागी दिल्ली आली, बाकी सांगाडा तोच राहिला. प्रांताच्या मर्जीवर न जगणारा अधिकारी हवा, हा पटेलांचा आग्रह होता, आणि आजच्या बऱ्याच कुरबुरींचं मूळही तिथेच आहे.

सुधारणा करायची म्हटली की हा फरक चांगलाच जाणवतो. नवी अखिल भारतीय सेवा काढायची तर घटनेच्या कलम ३१२ प्रमाणे राज्यसभेत हजर राहून मत देणाऱ्या दोन तृतीयांश सदस्यांचा ठराव लागतो. सेवाशर्तींचे नियम बदलताना १९५१ च्या अखिल भारतीय सेवा कायद्यानुसार राज्यांशी सल्लामसलत करावी लागते. १९६१ मध्ये अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि वन अशा तीन सेवांचा ठराव झाला. प्रत्यक्षात १९६६ मध्ये आली एकटी वन सेवा. उलट, डिसेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एका निर्णयात रेल्वेच्या आठ सेवा मिळून एक करायचं ठरवलं. घाईची किंमतही दिसली: नव्या सेवेची भरती नागरी सेवा परीक्षेतून सुरू झाली आणि तांत्रिक माणसं मिळेनात, म्हणून २०२४ मध्ये अभियांत्रिकी सेवा परीक्षेची वाट पुन्हा उघडावी लागली.

प्रतिनियुक्तीतही तेच. आयएएस (केडर) नियम, १९५४ मधल्या नियम ६ प्रमाणे राज्यातला अधिकारी केंद्रात न्यायचा तर राज्याची संमती हवी. मतभेद झालाच तर केंद्राचा शब्द चालतो. नियम असा असला तरी राज्याने माणूस सोडलाच नाही तर दिल्लीतली खुर्ची रिकामी राहते. २०२२ च्या सुरुवातीला केंद्राने हा नियम कडक करायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा अनेक राज्यांनी विरोध केला. केंद्रीय सेवेत हा वाद उद्भवतच नाही.

गोव्याचं प्रकरण आणखी निराळं. गोव्याला स्वतःचं आयएएस केडर, म्हणजे राज्याला नेमून दिलेला अधिकाऱ्यांचा संच, नाही. तिथले अधिकारी अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांच्या एकत्रित केडरमधले, आणि हे केडर केंद्रीय गृह मंत्रालय सांभाळतं. त्यामुळे पणजीत बसणारा अधिकारी पुढच्या नेमणुकीला दिल्लीत किंवा इटानगरला दिसू शकतो. महाराष्ट्र केडरच्या बाबतीत असं सहसा होत नाही.

रोजच्या व्यवहारात हे कुठे उपयोगी पडतं? माहिती अधिकाराचा अर्ज करताना. जिल्हाधिकाऱ्यांच्या बदलीबद्दल विचारायचं तर अर्ज सामान्य प्रशासन विभागाकडे, पोलीस अधीक्षकांसाठी गृह विभागाकडे, आणि दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. आयकर अधिकाऱ्याच्या बदलीसाठी प्रत्यक्ष कर मंडळ आणि केंद्रीय माहिती आयोग. शुल्क दोन्हीकडे १० रुपये, पण राज्याच्या अर्जावर चालणारा कोर्ट फी स्टॅम्प केंद्राच्या नियमांत नाही. तिथे पोस्टल ऑर्डर लावा, नाहीतर ऑनलाइन भरा.