माउस नेताच बटण कोरं का पडतं?

वेबपानावरच्या बटणावर माउस नेला की चित्र बदलावं, मागणी एवढीच. तरी पहिल्या खेपेला बटण क्षणभर कोरं पडतं आणि मग नवं चित्र उमटतं. दुसऱ्यांदा मात्र सगळं सुरळीत. हॉवरचं, म्हणजे माउस वर आल्यावर दिसायचं चित्र वेगळ्या फाइलमध्ये असलं की माउस बटणावर येईपर्यंत ब्राउझर ते मागवतच नाही, म्हणून असं होतं. १९९६ मध्ये नेटस्केप ३ आलं आणि जावास्क्रिप्टने पानावरची चित्रं बदलता येऊ लागली, तेव्हापासूनचं हे दुखणं. त्या काळी चित्रं आधीच लोड करून ठेवत. आता सरळ दोन्ही चित्रं एकाच फाइलमध्ये ठेवावीत. यालाच स्प्राइट म्हणतात.

बटण १२० बाय ४० पिक्सेलचं असेल तर फाइल १२० बाय ८४ ची घ्या: वर नेहमीचं चित्र, मध्ये ४ पिक्सेलची रिकामी पट्टी, खाली हॉवरचं चित्र. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) बटणाची रुंदी-उंची पक्की करून ही फाइल बॅकग्राउंडला द्या आणि हॉवरला बॅकग्राउंड-पोझिशन (मागच्या चित्राची जागा) आडवी ०, उभी उणे ४४ पिक्सेल करा. उणे अशासाठी, की चित्र वर सरकवायचं आहे. पट्टी गाळू नका. पान ११० टक्के झूम केलं की मापं अपूर्णांकात जातात आणि कडेला दुसऱ्या चित्राची बारीक रेघ डोकावते. दाट पिक्सेलच्या स्क्रीनसाठी फाइल दुप्पट, म्हणजे २४० बाय १६८ करा. बॅकग्राउंड-साइझ (चित्र दाखवायचं माप) मात्र १२० बाय ८४च ठेवा, नाहीतर बटणात चित्राचा कोपराच तेवढा दिसेल.

यावर ट्रान्झिशन (बदल हळूहळू घडवणारा सीएसएस नियम) लावलं तर चित्र अलगद बदलत नाही, लिफ्टसारखं वर सरकतं, आणि ते वाईट दिसतं. अलगद बदल हवा तर दोन थर एकावर एक ठेवून वरच्याची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ० वरून १ करा. ०.२ सेकंद पुरे.

हॉवरला बटण ४ पिक्सेल वर उचलण्याची हौस अनेकांना असते. माउस खालच्या कडेवर असेल तर बटण त्याच्याखालून निसटतं, हॉवर संपतो, बटण खाली येतं, पुन्हा हॉवर लागतो. बटण नुसतं थरथरत राहतं. बटण जागेवर ठेवा, आतला स्पॅन (बटणाच्या आतला वेगळा घटक) हलवा.

टचस्क्रीनवर टॅपनंतर हॉवरचं चित्र बऱ्याचदा चिकटून राहतं. म्हणून हॉवरचा नियम मीडिया क्वेरीतल्या (उपकरण पाहून नियम लावणाऱ्या सीएसएसच्या सोयीतल्या) हॉवरच्या अटीत घाला. टॅब दाबत फिरणाऱ्यांसाठी तीच पोझिशन फोकस-व्हिजिबललाही (कीबोर्डने बटणावर आल्यावरच्या अवस्थेलाही) द्या. अक्षरं चित्रात रंगवू नका, बटणात मजकूर म्हणूनच लिहा: बॅकग्राउंडमधलं चित्र स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारा प्रोग्राम) वाचत नाही.