ट्रक ओढला तरी न तुटणारी दोरी आणि जीव वाचवणारी फाटकी पट्टी

गेल्या महिन्यात आमच्या जुळे सोलापुरातल्या घरासमोरच्या पाच मजली बिल्डिंगचं रंगकाम चालू होतं. गॅलरीत चहा घेत उभा होतो, तर समोर चौथ्या मजल्याच्या उंचीवर परांचीवर एक पेंटर. कमरेला रुंद पट्टा, पट्ट्याला हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळते तसली दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक त्यांच्या पायाजवळच्याच आडव्या पाइपला गाठ मारून बांधलेलं. संध्याकाळी ते खाली उतरल्यावर मला राहवलं नाही, विचारलंच, "अण्णा, ही दोरी चालती का हो?" तर म्हणाले, "सर, ह्या दोरीनं ट्रक ओढला तरी तुटत नाही. काय काळजी करू नका."

हे उत्तर मी आधीही ऐकलंय, होर्डिंग लावणाऱ्या पोरांकडून, शेडचे पत्रे टाकणाऱ्यांकडून. सगळे बिचारे मनापासूनच बोलतात. सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो की दोरी तुटेल का. पण दोरी नाही तुटली तर पुढं काय होतं, हा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि माणूस जगणार की नाही ते तिथं ठरतं.

शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा थोडं. ८० किलोचा माणूस १.८ मीटर, म्हणजे सहा फूट मोकळा पडला (लॅनयार्डची, म्हणजे हार्नेस, अर्थात अंगावर घालायचे पट्टे, आणि हुक यांच्यामधल्या त्या पट्टीची किंवा दोरीची नेहमीची लांबी एवढीच असते) तर त्याला ०.६ सेकंद लागतो आणि शेवटी वेग असतो ताशी २१ किलोमीटर. पडताना काहीतरी धरीन म्हणणाऱ्यांनी हे बघा, की पडतोय हे मेंदूला कळून हात हलायलाच पाव सेकंद जातो, तोवर तुम्ही फूटभर खाली गेलेले असता आणि वेग ताशी ९ किलोमीटर झालेला असतो. धरणं बिरणं होत नाही.

आता ती ट्रकवाली दोरी ताणली जाते आणि माणूस, समजा, १० सेंटिमीटरमध्ये थांबतो. १.८ मीटरमध्ये कमावलेली सगळी ऊर्जा त्या १० सेंटिमीटरमध्ये संपवायची, म्हणून सरासरी ओढ पडते वजनाच्या १९ पट. ८० किलोच्या माणसाला क्षणभर दीड टनाचा झटका, तोही कमरेच्या पट्ट्यावर, म्हणजे मणका, यकृत, प्लीहा यांच्यावर. दोरी शाबूत राहते, माणूस आतून फाटतो. अमेरिकेत तर पडणारा माणूस अडवायला नुसता कमरेचा पट्टा वापरायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. फुल बॉडी हार्नेस लागतो, जो ओढ मांड्या, ढुंगण, छाती, खांदे यांच्यात वाटून टाकतो. आणि स्टीलची वायर घेतली की जास्त सेफ असं ज्यांना वाटतं त्यांनी हाच हिशोब करून बघावा, वायर अजून कमी ताणते म्हणजे झटका अजून मोठा.

साइटवर खालून फेकलेल्या विटा वर झेलणारा गडी पाहिलाय का? तो हात ताठ ठेवत नाही, वीट हाताला लागली की हात तिच्याबरोबर मागं नेतो. थांबायचं अंतर वाढवतो. लॅनयार्डमध्ये हे काम करणारी एक छोटी शिवलेली पुडी असते, तिला शॉक ॲबसॉर्बर म्हणतात, आणि खरं सांगायचं तर हा लेख मी त्या पुडीसाठीच लिहितोय.

मी वाढलो सोलापूरच्या पूर्व भागात, वडील यंत्रमागावर होते. सोलापुरी चादर उलटी करून बघा, मागंही तीच नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. कारण ती दोन थरांचं कापड असते, आणि नक्षीच्या कडेला वरचा थर खाली, खालचा थर वर असं करत ते थर एकमेकांत अडकत जातात. पहिल्यांदा एक वापरून फाटलेला ॲबसॉर्बर हातात आला आणि मी तो उलगडून बघितला तेव्हा मला वडिलांच्या मागाचीच आठवण झाली, कारण त्यातही दोन थरांची पट्टी होती आणि ते दोन थर बारीक बांधणीच्या धाग्यांनी एकमेकांशी विणलेले. (काहींमध्ये विणलेले नसतात, घडी घालून शिवणीनं जोडलेले असतात, तत्त्व तेच.) माणूस पडला की हे दोन थर एकमेकांपासून ओढले जातात आणि मधले धागे एकामागोमाग एक तुटत जातात. प्रत्येक धागा तुटताना थोडी ऊर्जा खातो, लगेच पुढचा, मग त्याच्या पुढचा. मागावर धागा तुटला की माग थांबवावा लागतो, नुकसान. इथं मात्र धागा तुटणं हेच काम, आणि किती धागे, किती जाड, किती अंतरावर विणायचे ते विणणाऱ्यानं आधी ठरवून ठेवलेलं असतं.

मग रबरासारखी ताणणारी दोरी का नको, हा प्रश्न मला एका विद्यार्थ्यानं विचारला होता आणि प्रश्न भारी आहे. एक तर रबर ऊर्जा साठवतं आणि परत देतं, म्हणजे तुम्हाला पुन्हा वर फेकणार, भिंतीवर आपटणार. तुटलेला धागा काही परत देत नाही, ऊर्जा उष्णता होऊन संपली. दुसरं कारण जरा अवघड आहे पण मला फार आवडतं. बल आणि अंतर यांचा ग्राफ काढा, त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे ऊर्जा. स्प्रिंगचं बल शून्यापासून वाढत जातं म्हणून ग्राफ त्रिकोणी, ॲबसॉर्बरचं बल फाटायला लागल्यापासून शेवटपर्यंत जवळपास सारखंच म्हणून ग्राफ आयताकृती. तेवढ्याच अंतरात तेवढीच ऊर्जा संपवायची तर त्रिकोणाची उंची आयताच्या दुप्पट लागते, म्हणजे स्प्रिंगमध्ये शेवटचा झटका दुप्पट. वजन mg, मोकळं पडणं h, फाटण्याची लांबी d आणि फाटताना लागणारं बल F धरलं तर mg(h+d) = Fd. F ला ४ किलोन्यूटन, म्हणजे ४०० किलोच्या आसपास ओढ धरली तर ८० किलोच्या माणसासाठी d येतो सुमारे ४४ सेंटिमीटर. दीड टनाचे चारशे किलो झाले, फक्त अर्ध्या मीटरपेक्षा कमी पट्टी फाटू दिली म्हणून!

युरोपच्या ईएन ३५५ या मानकात १०० किलोचं वजन टाकून बघतात, झटका ६ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये आणि पट्टी १.७५ मीटरपेक्षा जास्त लांबता कामा नये. शिवाय २ किलोन्यूटनची स्थिर ओढ दिली तर ती ५ सेंटिमीटरच्या वर लांबायची नाही, म्हणजे नुसतं रेलून काम केलं, लटकून बघितलं तर पुडी फाटत नाही. आपल्याकडं आयएस ३५२१ आहे, घेताना आयएसआय मार्क आणि हा नंबर बघायचा. ऑनलाइन जाहिरातीत मोठ्या अक्षरात फक्त किती टन पेलतो ते लिहितात, ॲबसॉर्बर आहे की नाही ते फोटो मोठा करून शोधावं लागतं, ह्याची मला चीड येते.

पण पट्टी फाटायला खाली जागा पाहिजे ना. हुक हार्नेसच्या पाठीवरच्या रिंगच्या लेव्हलला असेल तर लॅनयार्ड १.८ मीटर, ॲबसॉर्बर पूर्ण फाटला तर जवळपास १.१, रिंगपासून पावलापर्यंत दीड, वर मीटरभर राखीव, एकूण साडेपाच मीटरच्या आसपास. हुकापासून जमिनीपर्यंत एवढी जागा पाहिजे. म्हणजे पहिल्या मजल्यावर, दहा-बारा फुटांवर काम करताना हा लॅनयार्ड लावला तरी राखीव जागा उरत नाही, माणूस जमिनीवर आपटू शकतो. तिथं कठडा किंवा नीट बांधलेली परांचीच पाहिजे. आणि हुक पायाजवळ लावला, अण्णांसारखा, तर दीड अधिक १.८ म्हणजे ३.३ मीटर मोकळं पडणं, ताशी २९ किलोमीटर, ऊर्जा जवळपास दुप्पट. म्हणून हुक शक्यतो डोक्याच्या वर, आणि डोक्याच्या सरळ रेषेत, नाहीतर माणूस घड्याळाच्या लंबकासारखा झुलून कॉलमवर आदळतो. टीव्हीच्या डिशचा पाइप, पाण्याची लाइन, हलणारी परांची ह्याला हुक म्हणजे हुक नाहीच. दोन पायांचा, म्हणजे दोन पट्ट्या आणि दोन हुक असलेला लॅनयार्ड असेल तर पुढचा हुक लावल्याशिवाय मागचा काढायचा नाही, आणि मोकळा हुक हार्नेसच्या लोखंडी रिंगला अडकवून ठेवायचा नाही, कारण मग ॲबसॉर्बरला वळसा घालून झटका सरळ अंगावर येऊ शकतो. दोन लॅनयार्ड जोडून लांब करणं, गाठ मारून आखूड करणं, दोन्ही बंद. गाठीपाशी दोरीची बरीचशी ताकद जाते.

परांचीला लिंबू-मिरची, काळी बाहुली बांधलेली आपण बघतोच. कामाच्या पहिल्या दिवशी नारळ फोडतात त्याला माझी हरकत नाही, चार माणसं एकत्र येतात. पण कुणी पडला की "अमावस्या होती", "त्याची वेळ भरली होती" असं म्हणून विषय मिटवतात हे मला अजिबात पटत नाही, कारण मग हुक कशाला लावला होता हे कुणी तपासतच नाही आणि तीच दोरी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या कमरेला.

काळजीचं म्हणाल तर धागे हाच जीव आहे, त्यामुळं धाग्याला जे बाधतं ते सगळं लॅनयार्डला बाधतं. पहिला शत्रू ऊन. आपल्याकडं मे महिन्यात ४३-४४ डिग्री असतं, पण खरं नुकसान अल्ट्राव्हायोलेट करतं, काम संपल्यावर गच्चीवर टांगून ठेवलेली पट्टी हळूहळू ठिसूळ होते आणि वरून फक्त रंग उडालेला दिसतो. नायलॉनला ॲसिड चालत नाही, म्हणून बॅटरीशेजारी ठेवायचा नाही. पॉलिस्टरला तीव्र अल्कली चालत नाही, म्हणजे डाइंगवाल्यांचा कॉस्टिक सोडा आणि ओल्या सिमेंटचं पाणी. मळला तर साध्या पाण्यात, सौम्य साबणानं धुवा, सावलीत वाळवा, ब्लीच नको, थिनर नको, पेंट तर नकोच. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी नायलॉन-पॉलिस्टर वितळतं, तिथं वेगळा, उष्णता सोसणारा लॅनयार्ड मिळतो. रोज चढायच्या आधी पट्टी दोन्ही हातांनी इंग्रजी यू सारखी वाकवून वीतभर-वीतभर पुढं सरकत बघायची, तुटके धागे, कडक झालेला भाग, चमकणारा वितळलेला ठिपका, उसवलेली शिवण. हुक आपोआप बंद होतो का, लॉक होतो का, लेबल वाचता येतं का. आणि एकदा कुणी त्यावर पडला की तो बाद, वरून नवा दिसला तरी, कारण आतले धागे एकदाच तुटतात.

एक गोष्ट घाईत सांगतो पण महत्त्वाची आहे. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाच्या पायात रक्त साठत जातं आणि काही मिनिटांतच ते जिवावर बेतू शकतं, त्यामुळं त्याला खाली कसं घ्यायचं हे चढायच्या आधी ठरलेलं पाहिजे, शिडी कुठं आहे ते माहीत पाहिजे, नुसतं मदतीची गाडी येईपर्यंत थांबून चालत नाही.

अण्णांना मी हे सगळं दोन दिवस थोडं थोडं सांगितलं, धागे तुटण्याचं त्यांना लगेच पटलं, त्यांच्या घरीही माग होता म्हणे. तिसऱ्या दिवशी ते ठेकेदाराकडून हार्नेस आणि लॅनयार्ड घेऊन आले. आम्ही जिन्यात बसून वीत-वीत करून बघत गेलो, हुकापासून पाचव्या वितीवर एक काळपट, कडक ठिपका लागला, कधीतरी ठिणगी पडलेली. नखानं दाबल्यावर धागे सुटून वर आले. अण्णांनी काही न बोलता हेल्परकडून कटर मागितलं आणि पट्टी मधोमध कापून टाकली, कुणी परत उचलून वापरू नये म्हणून, आणि त्या दिवशी खालच्या कंपाऊंड वॉलचं काम काढलं.